लर्निंग लायसन्सची परीक्षा: चिन्हं पाठ करायची की समजून घ्यायची? (नाशिक)

गोदाकाठ (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. काल शिकाऊ परवान्याची परीक्षा घरूनच दिली आणि नापास झाले. १५ पैकी ७. पास व्हायला ९ लागतात.

माझं वय ४३. आजवर कुठलंच वाहन चालवलेलं नाही. माहेर पिंपळगाव बसवंतला, राहते इंदिरानगरला. वडिलांना दर पंधरा दिवसांनी तपासणीसाठी नाशिकला आणावं लागतं. दर वेळी कुणाची तरी गाडी मागायची, कुणाच्या तरी सवडीने निघायचं, हे आता नको झालंय. म्हणून चारचाकी शिकायचं ठरवलं. चाळिशीनंतर डॉक्टरांचा दाखला (नमुना १-अ) लागतो, तो घेतला. आधार जोडून अर्ज केला, फी भरली, रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ पाहिला. खरं सांगायचं तर व्हिडिओ चालू ठेवून पोळ्या लाटत होते. ते अंगाशी आलं.

चुकलं कुठे तेही सांगते. निळ्या गोलावर लाल रेघ होती, मी 'थांबण्यास मनाई' निवडलं, उत्तर 'पार्किंगला मनाई' होतं. त्रिकोणात रेल्वेचं इंजिन होतं, मी 'रेल्वे स्टेशन जवळ' म्हटलं. लुकलुकणारा पिवळा दिवा दिसला तर काय करायचं? मी थांबायचं म्हटलं, तेही चूक. वर घड्याळ चालू असतं, त्याने जीव घाबरा होतो.

५० रुपये भरून पुन्हा देता येते. पण या वेळी नीट अभ्यास करून द्यायची आहे. कसा करू?

---

एकोणीस_पूर्ण (सोमवार, रात्री १०:१५)

ताई, टेन्शन घेऊ नका. मी मागच्या महिन्यात दिली, १४ आले. इंटरनेटवर प्रश्नसंच मिळतात, ते तीन दिवस रोज शंभर-शंभर सोडवले की झालं. प्रश्न फिरून फिरून तेच येतात. समजून वगैरे घ्यायची गरज नाही, उत्तर डोळ्यांत बसतं. फक्त लॅपटॉपसमोर उजेड ठेवा आणि चेहरा कॅमेऱ्यातून हलू देऊ नका. मागे कुणी फिरत नाही ना, तेही बघा.

---

पेठरोडकर (सोमवार, रात्री ११:०५)

गेली १९ वर्षं मी गाडी शिकवतोय, आरटीओ कॉर्नरच्या आसपासच असतो. एकोणीस_पूर्ण, तुझे १४ आले त्याचं कौतुकच आहे. पण बाळा, उत्तर डोळ्यांत बसतं ते पडद्यावरचं. रस्त्यावर चार पर्याय येत नाहीत. पाटी एका नजरेत मागे पडते आणि तेवढ्यात पाय ब्रेकवर जायला हवा की नको, ते ठरावं लागतं.

ताई, माझी पद्धत अशी: आधी आकार बघायचा, मग रंग, चित्र सगळ्यात शेवटी.

गोल म्हणजे हुकूम. तो मोडला तर गुन्हा. त्रिकोण म्हणजे सावध करणं, पुढे काहीतरी आहे, तयारीत राहा. चौकोन म्हणजे माहिती, हॉस्पिटल, पेट्रोल पंप, पार्किंगची जागा. हे एवढं पक्कं झालं की निम्मे चुकीचे पर्याय चित्र न बघताच गळतात. तुमचं इंजिन त्रिकोणात होतं ना? मग ते स्टेशन असूच शकत नाही, कारण स्टेशन ही माहिती झाली. त्रिकोणातलं इंजिन म्हणजे पुढे फाटक नसलेलं रेल्वे क्रॉसिंग. फाटक असेल तर त्रिकोणात फाटकाचंच चित्र असतं. खाली तिरक्या पट्ट्या असतात त्याही बघा: दोन पट्ट्या म्हणजे क्रॉसिंग २०० मीटरवर, एक पट्टी म्हणजे ५० ते १०० मीटरवर.

दोन पाट्या मात्र मुद्दाम या आकारांतून बाहेर काढल्या आहेत. 'थांबा' ही लाल अष्टकोनी आणि 'रस्ता द्या' हा उलटा त्रिकोण. का, माहीत आहे? धुळीने माखली, अर्धी झाडामागे गेली, पाठमोरी दिसली, तरी नुसत्या आकारावरून ओळखू यावी म्हणून. मी नवीन विद्यार्थ्याला 'थांबा'च्या पाटीची मागची बाजू दाखवून विचारतो की ही कसली पाटी. ज्याला उत्तर येतं त्याला चिन्हं समजलीत असं मी धरतो.

आता गोलांतले रंग. लाल कडेचा गोल म्हणजे 'करू नका' किंवा 'इतक्याच मर्यादेत करा'. पूर्ण निळा गोल म्हणजे 'हे करायलाच हवं'. त्यामुळे निळ्या गोलात हॉर्न असेल तर तो वाजवणं सक्तीचं, लाल कडेच्या गोलात हॉर्नवर रेघ असेल तर वाजवायला मनाई. आणि जिथे तुम्ही फसलात ती पाटी: निळ्यावर लाल कड. एक रेघ असेल तर पार्किंगला मनाई. म्हणजे माणूस उतरवून लगेच निघालात तर चालेल, गाडी लावून जायचं नाही. दोन रेघांची फुली असेल तर क्षणभरही थांबायचं नाही. एक रेघ कमी कडक, दोन रेघा जास्त कडक, असं डोक्यात ठेवा, पुन्हा चुकणार नाही.

अजून एक, यात बरेच जण पडतात. लाल कड आणि आत काहीच नाही, पांढरा रिकामा गोल. मुलं म्हणतात, सर, चित्र पुसलं गेलंय. नाही, तो पूर्ण आहे. दोन्ही बाजूंनी सगळ्या वाहनांना बंदी. आणि पांढऱ्या गोलावर एकच काळी तिरकी पट्टी असेल तर आधीचं बंधन इथे संपलं.

बाकीचं उद्या लिहितो, पहाटे साडेसहाची बॅच आहे.

---

निफाडकर (मंगळवार, सकाळी ७:२०)

सर, फार छान समजावलंत. इंजिनाच्या पाटीवरून एक भर घालतो.

ब्रॉडगेज मार्गांवरची बिनफाटकाची क्रॉसिंग देशभरातून जानेवारी २०१९ पर्यंत बंद झाली. त्यामुळे नव्या मुलांना वाटतं, हा प्रश्न आता कशाला विचारतात. आमच्या लहानपणी अशी क्रॉसिंग होती. वडील बैलगाडी रुळाच्या अलीकडे उभी करायचे, खाली उतरून रुळापर्यंत चालत जायचे, दोन्हीकडे बघायचे, कान देऊन ऐकायचे आणि मग बैलांना हाक द्यायचे. मोटार वाहन कायद्याचं कलम १३१ तेच सांगतं: गाडी थांबवा, सोबत क्लीनर किंवा कुणी असेल तर त्याने रुळापर्यंत चालत जाऊन बघायचं, कुणी नसेल तर चालकाने स्वतः उतरून बघायचं. परीक्षेत हे येतं आणि 'हॉर्न वाजवत पटकन पार करा' असा पर्याय हमखास दिलेला असतो. त्याला भुलू नका.

दुसरं, ताई तुम्ही पिंपळगावला जाणार म्हणून कळकळीने सांगतो. कांदा आणि द्राक्षाच्या हंगामात आमच्या भागात रात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि कित्येकांना मागे लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टरही नसतो. मी स्वतः शेतकरी आहे, माझ्या ट्रॉलीला पट्ट्या मीच लावून घेतल्या, कारण तीन वर्षांपूर्वी आमच्याच वस्तीतला एक पोरगा अंधारात अशाच उभ्या ट्रॉलीवर आदळला. वाचला, पण आजही लंगडतो. तुम्ही कितीही नियम पाळलेत तरी समोरच्याने पाळले असतील असं धरून अंधारात वेग ठेवू नका.

---

गोदाकाठ (मंगळवार, दुपारी १:३०)

सर, तुमचा प्रतिसाद वहीत उतरवून घेतला. आज रिक्षाने मुंबई नाक्याकडे जाताना मुद्दाम पाट्या बघत बसले होते. इतकी वर्षं याच रस्त्याने जाते, पण कधी पाहिल्याच नव्हत्या!

दोन शंका आहेत. सर्कलमध्ये आधी कुणी जायचं? आणि जिथे सिग्नलही नाही, पोलीसही नाही, अशा चौकात कुणाचा हक्क पहिला? पुस्तकात 'उजवीकडून येणाऱ्यास प्राधान्य' असं लिहिलंय, पण माझ्या डोळ्यांसमोर चित्र येत नाही.

निफाडकर दादा, त्या मुलाचं वाचून वाईट वाटलं. लक्षात ठेवीन.

---

पेठरोडकर (मंगळवार, रात्री १०:३०)

ताई, एक कागद घ्या, मधे वाटी उपडी ठेवा. आपल्याकडे गाडी डावीकडून चालते, म्हणून सर्कलभोवती वाहनं घड्याळाच्या काट्यासारखी फिरतात. आता एक काडेपेटी सर्कलच्या तोंडाशी ठेवा, ही तुमची गाडी. वाटीभोवती फिरणारी गाडी तुमच्यासमोर कुठून येईल? उजवीकडूनच. म्हणजे 'सर्कलमध्ये आधीच असलेल्याला जाऊ द्या' आणि 'उजवीकडच्याला जाऊ द्या' हे दोन नियम नाहीत, एकच आहे. ज्यांना दोन वेगळे नियम वाटतात ते गोंधळतात.

बिनसिग्नलच्या चौकातही तेच, उजवीकडून येणाऱ्याला आधी. मात्र तुम्ही गल्लीतून मुख्य रस्त्यावर येत असाल तर मुख्य रस्त्यावरच्या वाहनाला आधी जाऊ द्यायचं, ते कुठूनही येत असो. आणि हक्क आपला असला तरी वेग कमी करायचाच. ऑक्टोबर २०२२ मध्ये पहाटे संभाजीनगर रोडवरच्या मिर्ची चौकात खासगी बस आणि ट्रकची धडक होऊन बस पेटली, नाशिकमध्ये ते कुणी विसरलेलं नाही. त्यानंतर मी प्रत्येक बॅचला सांगतो: पहाटेचा रिकामा चौक गर्दीच्या चौकापेक्षा जास्त भितीदायक धरा, कारण तिथे प्रत्येकाला वाटतं की आपल्याशिवाय कुणी नाही.

लुकलुकणाऱ्या दिव्याचं राहिलं. लुकलुकणारा पिवळा: वेग कमी करा, बघा, सावकाश जा. लुकलुकणारा लाल: पूर्ण थांबा, रस्ता मोकळा आहे याची खात्री करा, मग जा. स्थिर पिवळा मात्र वेगळा. तो 'पळा, लाल होतोय' असं सांगत नाही. थांबण्याच्या रेषेच्या अलीकडे थांबता येत असेल तर थांबायचंच. रेषा ओलांडून पुढे गेला असाल किंवा अचानक ब्रेक मारणं धोक्याचं असेल तेवढाच अपवाद.

घाटाचाही एक प्रश्न असतो. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर कधी गेला असालच. अरुंद जागी समोरासमोर आलात तर चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणं अवघड, क्लच सोडताना ती मागे घसरते. उतरणाऱ्याला थांबणं त्या मानाने सोपं. कारण कळलं की नियम पाठ करावा लागत नाही.

---

एकोणीस_पूर्ण (मंगळवार, रात्री ११:१०)

सर, तुम्ही म्हणता ते पटतंय. मी आज कॉलेज रोडला एका पाटीपाशी अडखळलो. माझे १४ आले होते, तरी. अशोक स्तंभाकडून येताना मित्राने विचारलं, ही कोणती, आणि मला पर्याय समोर नसल्यामुळे सांगता येईना. पुढच्या आठवड्यात पक्क्या लायसन्सची तारीख घेतोय, शिकाऊ परवान्याला ३० दिवस पूर्ण झाले. त्याआधी सगळी चिन्हं तुमच्या पद्धतीने पुन्हा करतो.

---

पांढरी_टोपी (बुधवार, पहाटे ५:५०)

रात्रपाळी संपवून लिहितेय. मी नर्स आहे, अपघात विभागात.

या परीक्षेत अपघातानंतर चालकाची कर्तव्यं विचारतात. त्यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. तुमच्या गाडीने कुणाला इजा झाली तर पहिलं काम त्याला उपचार मिळवून देणं. जमावामुळे किंवा हाताबाहेरच्या कारणाने शक्यच नसेल तेवढाच अपवाद. पोलिसांना लगेच, आणि फार तर २४ तासांच्या आत कळवायचं. हे कलम १३४. आणि २०१९ च्या दुरुस्तीत १३४-अ आलं: अपघातात मदत करणाऱ्या वाटसरूवर त्यासाठी खटला होत नाही, त्याला नाव सांगण्याची सक्ती नाही. हे लोकांना अजूनही माहीत नाही. मागच्या पावसाळ्यात एक मुलगा एका आजोबांना रिक्षात घालून घेऊन आला. आजोबांच्या डोक्याला त्याने स्वतःचा रुमाल बांधला होता, दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला होता. आम्ही आजोबांना आत घेतलं आणि मागे वळून बघते तर मुलगा गायब. भीतीने निघून गेला. त्याच्या दाबलेल्या हातांमुळे रक्त थांबलं होतं. तो हे वाचत असेल तर त्याला कळावं म्हणून सांगते, आजोबा घरी गेले.

दुसरं, रुग्णवाहिका. मागून सायरन ऐकू आला की लोक घाबरून आहे तिथेच ब्रेक दाबतात. मी रुग्णासोबत आत बसलेली असते, समोर द्वारका चौकातली रांग दिसते आणि मधल्या रांगेतली गाडी तशीच उभी. थांबायचं नाही, डावीकडे सरकून वाट करून द्यायची. अग्निशमन, रुग्णवाहिका यांना वाट न दिल्यास १०,००० रुपये दंडाची तरतूद आहे, पण दंडासाठी नका करू. आत कुणाचं तरी माणूस असतं.

आणि हेल्मेट. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या शहरात 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' मोहीम झाली तेव्हा पंपावर लोक दुसऱ्याचं हेल्मेट मागून पेट्रोल भरायचे. हेल्मेट पंपासाठी घालायचं नसतं, एवढंच कळकळीने सांगते.

---

शालीमारचा (बुधवार, सकाळी ९:०५)

नर्सताई, तुमच्या प्रतिसादाला +१०००.

---

गंगापूररोड_वासी (बुधवार, सकाळी ११:४०)

एवढा अभ्यास कशाला? आमच्या ओळखीचा एक जण आहे, पैसे दिले की परीक्षा तोच देऊन टाकतो. तुम्ही फक्त ओटीपी सांगायचा. त्याचा नंबर …

*[संपादक: या प्रतिसादातला फोन नंबर काढून टाकला आहे. असे नंबर पुन्हा दिल्यास सदस्यत्व रद्द होईल.]*

---

पेठरोडकर (बुधवार, दुपारी २:१५)

संपादकांचे आभार.

गंगापूररोड_वासी, रागावून नाही, पण स्पष्ट लिहितो. जून २०२१ पासून महाराष्ट्रात ही परीक्षा घरबसल्या देता येते. कार्यालयात खेपा घालायची गरज उरली नाही, बाईमाणसांची, खेड्यातल्या मुलांची मोठी सोय झाली. ती सोय अशा लोकांमुळेच बदनाम होते. आधारचा ओटीपी परक्याला देणं हा वेगळाच धोका. पण माझा खरा आक्षेप दुसरा आहे. जे नऊ प्रश्न तुम्ही स्वतः सोडवायचे ते दुसऱ्याने सोडवले, आणि उद्या रस्त्यावर दहावा प्रश्न आला, तर तिथे तो माणूस तुमच्या शेजारी बसलेला नसणार. माझ्याकडे असे विद्यार्थी येतात. हातात परवाना असतो आणि 'प्रवेश बंद'ची पाटी ओळखता येत नाही. लाल गोलावर पांढरी आडवी पट्टी! त्यांना पहिल्या दिवशी गाडीत न बसवता मी वही घेऊन फुटपाथवर उभं करतो.

---

दोन_मुलींचा_बाबा (बुधवार, संध्याकाळी ६:२०)

पेठरोडकर सर, माझी मोठी मुलगी सोळा वर्षांची झाली. क्लासला सातपूरहून कॉलेज रोडला जावं लागतं. तिला लर्निंग काढून स्कूटर देता येईल का? सगळ्या मैत्रिणी नेतात म्हणते.

---

पेठरोडकर (बुधवार, रात्री १०:००)

दादा, सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीने परवाना मिळतो, पण फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचा. बाजारात दिसणाऱ्या नेहमीच्या स्कूटर ११०, १२५ सीसीच्या असतात, त्या अठरानंतरच. मैत्रिणी ज्या चालवतात त्यांतल्या बहुतेक याच असणार.

आणि अल्पवयीन मुलाने किंवा मुलीने गुन्हा केला तर कलम १९९-अ खाली पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत शिकाऊ परवाना मिळत नाही. पंचविशी! म्हणजे शिक्षण, पहिली नोकरी, सगळं परवान्याशिवाय.

२५० वॉटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी २५ किलोमीटरहून जास्त न जाणाऱ्या बॅटरीच्या दुचाकीला परवाना लागत नाही, तो एक पर्याय आहे. घेताना कागदावर हे दोन्ही आकडे नीट तपासा. तरीही हेल्मेट घालायला लावा आणि तिला तिडके कॉलनीतल्या ट्रॅफिक पार्कमध्ये एकदा घेऊन जा. धाकटीलाही न्या. खरी चिन्हं, खरे सिग्नल, छोटे रस्ते. मुलांना तिथे जे समजतं ते पुस्तकाने समजत नाही.

---

दोन_मुलींचा_बाबा (बुधवार, रात्री १०:२५)

१९९-अ माहीतच नव्हतं. मुलीला हा धागाच वाचायला दिला. ती गप्प झाली, मग म्हणाली, सिटीलिंक बसचा पास काढू. रविवारी पार्कमध्ये जातोय.

---

निफाडकर (गुरुवार, सकाळी ७:१०)

सिंहस्थात पंचवटीत देशभरातून गाड्या येतात. मागच्या वेळी एका दाक्षिणात्य ड्रायव्हरला मी रस्ता सांगायचा प्रयत्न केला, त्याला ना मराठी येत होती ना हिंदी. शेवटी त्याने पाटीकडे बोट दाखवून मान हलवली, त्याला कळलं होतं. या चित्रांना भाषा लागत नाही, त्याचं मोल मला त्या दिवशी कळलं.

---

गोदाकाठ (रविवार, रात्री ८:१५)

मंडळी, पास झाले. १५ पैकी १३!

या वेळी व्हिडिओ दार लावून, वही घेऊन पाहिला. निळ्या गोलावर फुली आली, हात न थरथरता 'थांबण्यास मनाई' दाबलं. उजवीकडच्या वाहनाचा प्रश्न आला तेव्हा डोळ्यांसमोर उपडी वाटी आली. दोन चुकले त्यातला एक लिहून ठेवते, कुणाला उपयोग होईल. लाल कडेच्या गोलात दोन बाण दोन्ही बाजूंनी आत येतात आणि मधे '२ मी' असतं. ती वाहनाच्या रुंदीची मर्यादा. मी उंचीची म्हटलं. उंचीचे बाण वरून-खालून येतात.

नर्सताई, तुमचा प्रतिसाद घरात सगळ्यांना वाचून दाखवला. सासूबाई म्हणाल्या, त्या रुमालवाल्या मुलाच्या आईला कुणीतरी हे सांगायला हवं.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. उद्यापासून सरांकडे साडेसहाची बॅच. आज दुपारी 'एल'च्या पाट्या घरीच केल्या. सरांनी सांगितलेलं माप पट्टीने आखलं: पांढरा चौकोन १८ सेंटीमीटर, अक्षर १० सेंटीमीटर उंच, २ जाड, खाली ९ रुंद. लाल घोटीव कागद मुलाने कापून दिला. एक पुढे, एक मागे. बाबांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, पक्कं लायसन्स झालं की पहिल्या खेपेला मी पुढच्या सीटवर बसणार, आणि पाट्या मी वाचून दाखवणार.

---

पेठरोडकर (रविवार, रात्री ९:००)

अभिनंदन ताई! उद्या साडेसहाला या. सपाट तळव्याची चप्पल घाला आणि वही घेऊन या.